नापास बॅगा

माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली गेला आहे, ही बातमी मला ऑफिसच्या दारावरच्या पहारेकऱ्याने दिली. तो म्हणाला, साहेब, तुम्ही हल्ली दारातून तिरके येता. मी आधी दाराला दोष देऊन पाहिला. मग प्रसाधनगृहातल्या आरशासमोर उभा राहिलो. आरसा सरळ टांगलेला होता.

आमची कंपनी लिफ्ट बनवते आणि मी तिच्या तक्रार विभागात आहे. दोन मजल्यांच्या मधे अडकून सुटलेल्या माणसांना दिलगिरीची पत्रं लिहिणं हे माझं काम. (आम्ही राहतो त्या इमारतीला लिफ्ट नाही. शेजाऱ्यांशी माझे संबंध चांगले आहेत ते त्यामुळेच.) सगळं सुरळीत चाललं होतं. मग वरून हुकूम आला की यापुढे कुणाचंही टेबल कुणाचं नाही. जो आधी येईल त्याने खिडकी घ्यावी, उशिरा येईल त्याने पाण्याच्या मशीनशेजारी बसावं, आणि संध्याकाळी आपापला लॅपटॉप आपापल्या घरी न्यावा. माझं टेबल इतकी वर्षं माझं होतं की त्याच्या कडेला माझ्या कोपराचा खळगा पडला होता. आता त्या खळग्यात हिशेब खात्यातला एक उपरा माणूस कोपर ठेवतो आणि वर, टेबल आरामशीर आहे, असं म्हणतो.

लॅपटॉप मी कापडी पिशवीतून न्यायचो. तीच पिशवी परतीच्या वाटेवर बटाटे आणायची. दोन्हींचं ओझं एकाच खांद्यावर. खांदा तरी काय करणार, खाली गेला.

बायको म्हणाली, पाठीवरची बॅग घ्या, दोन्ही खांद्यांना सारखा न्याय मिळेल. मला पटलं. दुकानात जायचं, बॅग घ्यायची, पाठीला लावायची, घरी यायचं. यात पंचनामा, लेखी कारणं आणि घरातल्या घरात घातपात येईल असं तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला अडकलेल्यांना पाठवतो तसं एक नम्र पत्र पाठवलं असतं.

काळी

दुकान मोठं होतं, तिन्ही भिंतींवर बॅगाच बॅगा. विक्रेत्याने विचारलं, किती लिटरची दाखवू? मी म्हणालो, लॅपटॉप न्यायचाय, दूध नाही. तो हसला नाही. बॅगा लिटरवर मोजतात हे मला ठाऊक नव्हतं, पण ते चेहऱ्यावर दिसू न देता मी 'मध्यम' म्हणालो आणि काळी घेतली. काळ्या रंगात माणूस चुकत नाही.

घरी आलो तर दिवाणखान्यातला दिवा लागत होता आणि विझत होता. म्हणजे सासऱ्यांची दुपारची झोप झाली होती. सासरे (बायकोचे बाबा, म्हणून माझेही बाबा) महिनाभरासाठी आमच्याकडे आले होते. नोकरीभर ते दिव्याच्या बटणांच्या कारखान्यात तपासणी विभागाचे प्रमुख. बटणं बनवणारे पुष्कळ होते, नापास करणारे हे एकटे. आजही कुठल्याही खोलीत शिरताना ते तिथलं बटण चारपाचदा दाबून बघतात आणि मगच बसतात.

गेल्या हिवाळ्यात ते आपल्या घरी न्हाणीघरात पडले आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. त्यांच्या शेजाऱ्याने सांगितलं. तेव्हापासून बायकोच्या मनात एकच होतं, बाबांनी आता इथेच राहावं. बाबांच्या मनात ते अजिबात नव्हतं. काम नसताना मुलीच्या घरी राहणारा बाप म्हणजे वाटेतलं कपाट, असं ते म्हणत. कोणी काही बोलत नाही, पण जाता-येता प्रत्येकाचा गुडघा त्यालाच लागतो.

मी बॅग टेबलावर ठेवली. ते जवळ आले, चष्मा बदलला, चेन उघडली, लावली, उघडली, लावली. मग बॅगेला कान लावला.

"जावईबापू, ही कुणी पास केली?"

मी म्हणालो, मीच. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्यांची ती नजर मला लग्न ठरवायला गेलो होतो तेव्हापासून ओळखीची आहे. तेव्हा मी कसाबसा पास झालो होतो, बहुधा समोर दुसरा नमुनाच नव्हता म्हणून.

तासाभरात बॅग गच्चीच्या कठड्याला लोंबत होती. आत लॅपटॉपऐवजी भाजी चिरायची लाकडी फळी आणि दोन जाडजूड शब्दकोश. याला ते 'प्रातिनिधिक वजन' म्हणत. मग झारीने पाणी. मग जिन्याच्या वरच्या पायरीवरून खाली. निकाल असा: आत ओल, तळाची शिवण सैल, चेनीचा आवाज संशयास्पद. नापास.

हात पुसत ते जेवायला बसले आणि आल्यापासून प्रथमच मागून घेऊन जेवले.

करडी

काळी परत करायला मी दुकानाच्या 'परत घेण्याच्या' खिडकीवर गेलो. तिथल्या बाईंनी बॅग हातात घेतली आणि विचारलं, ही ओली का आहे? मी म्हणालो, तेच तर कारण आहे. त्यांनी कागद पुढे केला. त्यावर छापलेली कारणं तीनच होती: रंग आवडला नाही, माप चुकलं, भेट म्हणून मिळाली. मी आयुष्यात नेहमीच अशा छापील कारणांत स्वतःला बसवून घेत आलो आहे. रंगावर खूण केली असती आणि सुटलो असतो. पण बाबा सोबत होते. त्यांनी 'इतर' निवडायला लावलं आणि खाली मजकूर सांगितला, "निर्धारित वृष्टीत अंतर्भागी आर्द्रता आढळली." बाई म्हणाल्या, 'इतर' असेल तर वरच्या मजल्यावरच्या व्यवस्थापकांची सही लागते.

लिफ्ट बंद होती. आमच्याच कंपनीची होती. तिच्यावर माझ्याच विभागाने चिकटवलेली दिलगिरीची पाटी होती, मजकूर माझा. मी जिने चढताना बाबा तो मजकूर मोठ्याने वाचत होते आणि म्हणाले, चांगलं लिहिता, पण यात लिफ्ट केव्हा सुरू होईल ते कुठे आहे?

बदल्यात करडी मिळाली. तिला एक चोरकप्पा होता आणि विक्रेत्याने तो मोठ्या अभिमानाने उघडून दाखवला. बाबांनी घरी येऊन लिहिलं, जो कप्पा दुकानदार सगळ्यांना दाखवतो तो चोरांनाही दाखवतो. नापास.

मधेच, शेजारी

जिन्यावरून बॅगा पडू लागल्या तेव्हा पहिल्या धप्पला खालच्या काकू धावत वर आल्या, त्यांना वाटलं कोणीतरी पडलं. बॅग पडली म्हटल्यावर त्यांची थोडी निराशा झाली. पण त्या थांबल्या. पुढच्या तपासणीला स्वतःची खुर्ची घेऊन आल्या. त्यांचं मत असं की बॅग घ्यायचीच तर चाकांची घ्यावी. आमच्या ह्यांनी चाकांची घेतली असती तर आज त्यांची कंबर जागेवर असती. ह्यांची कंबर हल्ली कुठे असते ते मी विचारलं नाही.

वरचे शेजारी एकदा एका डोंगरावर अर्ध्यापर्यंत गेले होते, त्यामुळे सगळी इमारत त्यांना गिर्यारोहक म्हणते. ते म्हणाले, बॅगेचं वजन खांद्यावर नसतंच मुळी, कमरेवर असतं. हे दाखवायला त्यांनी करडीचे सगळे पट्टे माझ्या अंगावर ओढून बसवले. वजन कमरेवर गेलं की नाही ते कळायच्या आत माझा श्वास आत गेला आणि बाहेर येईना. काकूंनी सोडवलं. गिर्यारोहक म्हणाले, बघा, कशी घट्ट बसली.

हिरवी

हिरवी मला आवडली नव्हती, पण बाबा म्हणाले, बॅगेची आवड हा तपासणीचा निकष नव्हे. तिची परीक्षा सुरू असतानाच एका सकाळी मला उशीर झाला आणि मी ती पाठीला लावून निघालो. त्या दिवशी वरिष्ठांसमोर तिमाहीच्या तक्रारींचा आढावा द्यायचा होता. सगळे जमले, पडदा उतरला, मी गंभीरपणे चेन उघडली आणि टेबलावर भाजी चिरायची फळी ठेवली.

तिला कांद्याचा वास येत होता. विभागप्रमुखांनी फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अशा वेळी खरं सांगणं सर्वांत लांबलचक असतं. मी म्हणालो, हा नमुना आहे. कशाचा, ते त्यांनी विचारलं नाही, आणि मोठ्या माणसांचा हा गुण मला त्या दिवशी कळला. आढावा मी तोंडी दिला. नंतर हिशेब खात्यातला तो उपरा म्हणाला, अहो, आज पहिल्यांदा तुमचं बोलणं ऐकलं आम्ही, एरवी पडदाच वाचत असता.

खरी अडचण संध्याकाळी आली. आमच्या दारावर आत जाणारी प्रत्येक वस्तू नोंदवतात. माझ्या नावापुढे रोजच्या सवयीने 'लॅपटॉप' लिहिलेलं. पहारेकऱ्याने बॅग उघडली आणि म्हणाला, साहेब, लॅपटॉप कुठाय? मी म्हणालो, घरी. तो म्हणाला, पण तो आत आलाय. मी म्हणालो, आत ही फळी आली. तो म्हणाला, फळीची नोंद नाही. जी आतच आली नाही ती बाहेर कशी जाईल? आणि जो आत आलाय तो बाहेर गेल्याशिवाय तुम्ही कसे जाल?

माणूस वाईट नव्हता, फक्त तर्काला पक्का होता. शेवटी विभागप्रमुखांनी चिठ्ठी दिली की सदर गृहस्थांस एक लाकडी फळी नेण्यास हरकत नाही. फळी घरी आली. माझी प्रतिष्ठा अजून तिथेच आहे, तिचीही नोंद नाही.

बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं. ज्या बॅगेत फळी आणि लॅपटॉप यांत फरक कळत नाही, ती बॅग नापास.

तपकिरी

ही काकूंच्या मांजराने नापास केली. तपशिलात जात नाही.

बॅग नाही, स्वयंपाकघर

तपकिरीनंतर माझा धीर सुटला. खांदा दुखत होता, ऑफिसात लोक मला कांदे कसे दिले विचारत होते आणि परत घेण्याच्या खिडकीवरच्या बाई मला लांबून बघूनच सहीसाठी वरच्या मजल्यावर फोन लावत होत्या. मी स्वयंपाकघरात जाऊन जाहीर केलं की उद्या दिसेल ती पहिली बॅग घेणार, दुकानाबाहेरच टॅग फाडणार आणि विषय संपवणार.

बायको भांडी पुसत होती. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"अहो, बॅग घेऊ नका."

मी म्हणालो, तूच म्हणालीस घ्या.

"म्हणाले होते. आता नका घेऊ. तुम्ही बॅग घेतली की बाबा जातील."

मग ती हळू आवाजात सांगत राहिली. बाबा हल्ली सकाळी दाढी करतात. दुपारी झोपत नाहीत. परवा त्यांनी इस्त्रीचा शर्ट मागितला, का तर तपासणी आहे. काकूंशी बोलताना 'आमच्या इथे' म्हणाले, आणि ते आमचं घर होतं, त्यांचं नव्हे. महिना संपायला आलाय. बॅगेचं काम अर्धं टाकून ते जाणार नाहीत. हातातलं काम अर्धं टाकणारा माणूसच नव्हे तो. पण ते संपलं की ते एक दिवस जास्त थांबणार नाहीत.

मी म्हणालो, आणि माझा खांदा?

तिने माझ्या खांद्याकडे बघितलं, दोन्हींकडे. "एक खाली आहे खरा," ती म्हणाली, "पण तुम्हाला शोभतो."

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाच्या खालच्या खांद्याचं कौतुक झालं, तर तो आणखी काही महिने तो खाली ठेवू शकतो.

निळी

निळी मी निवडली नाही, हे नोंदवून ठेवतो. तपकिरी परत करायला गेलो तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी ती खिडकीखालून काढली. म्हणाल्या, ही मी माझ्या भावासाठी बाजूला ठेवली होती, पण भाऊ थांबू शकतो. तुम्ही हिला परत आणलंत तर मी रजेवर जाईन.

मी ती पाठीला लावली आणि दुकानातच थोडा वेळ उभा राहिलो. काय सांगू. पाठीला जणू कोणीतरी, चला, मी आहे, असं म्हणालं. खांदे एका पातळीत आले. इतक्या दिवसांनी मला दुकानातल्या सगळ्या गोष्टी सरळ दिसल्या. त्या क्षणी मला कळलं की आपण मोठ्या संकटात आहोत.

घरी तिला कठड्याला टांगलं, काही झालं नाही. झारी ओतली, पाणी तिच्यावरून घरंगळून काकूंच्या खुर्चीवर गेलं. जिन्यावरून टाकली तर ती उभी पडली. बाबांनी चेनीला कान लावला आणि बराच वेळ लावून ठेवला. मग हळूच म्हणाले, आवाज नाही. प्रत्येक परीक्षेगणिक बॅगेचे गुण वाढत होते आणि बाबांचं बोलणं कमी होत होतं. काकू मात्र आनंदात होत्या, आता बहुतेक जमलं म्हणायच्या. अशा शेजारणी लग्नाच्या वेळी उपयोगी पडतात.

शेवटची परीक्षा पूर्ण भाराची, ती रविवारी सकाळी ठरली. बाबांनी इस्त्रीचा शर्ट स्वतःच काढून ठेवला आणि मला म्हणाले, जावईबापू, सोमवारच्या बसचं माझं तिकीट काढून ठेवा. मी हो म्हणालो. बायको तेवढ्यात गच्चीवरचे वाळलेले कपडे आणायला गेली. ते तिने सकाळीच आणले होते.

निळी, शनिवार

दुपारी घरात मी एकटा होतो. बायको काकूंकडे, बाबा दाढीची पाती आणायला कोपऱ्यावर. निळी टेबलावर बसली होती. मी नखं कापायची छोटी कात्री घेतली आणि उजव्या पट्ट्याच्या आतल्या बाजूचे टाके एकेक करून कापले.

ज्यांनी कधी चांगल्या बॅगेचा घात केलेला नाही त्यांना याची कल्पना येणार नाही. ती काही म्हणत नव्हती, हेच वाईट होतं. उत्तम शिवण होती, कात्रीला दाद देत नव्हती, आणि प्रत्येक टाक्याला मी तिच्यापाशी मनातल्या मनात दिलगिरी व्यक्त करत होतो. त्यात माझा हात बसलेला आहे. शेवटचे दोन टाके ठेवले, वजन पडलं की तुटतील असे. मग धाग्याचे तुकडे वेचून खिशात घातले.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते खरं आहे. बाबा परत आल्यावर मी त्यांना, बॅगेला मी हातसुद्धा लावलेला नाही, असं न विचारताच सांगितलं. ते म्हणाले, बरं. मग थोड्या वेळाने मला म्हणाले, तुम्ही जरा फिरून का येत नाही? मी फिरायला गेलो. आलो तर बायको म्हणाली, तुम्ही दोघं मिळून जरा फिरून का येत नाही? त्या दिवशी आम्ही सगळेच फार फिरलो.

निळी, रविवार

काकू खुर्ची घेऊन आल्या. गिर्यारोहक आले. बाबांनी दिवाणखान्यातलं बटण दाबून बघितलं, चष्मा लावला आणि फळी, शब्दकोश, वर खलबत्ता असं सगळं वजन निळीत भरलं. मला वाटलं, आता पट्टा तुटेल, मी चकित होईन, बाबा नापास म्हणतील. चकित व्हायचा चेहरा मी आरशात करून ठेवला होता.

बाबांनी चेन लावायला ओढली. चेनीचा कान त्यांच्या हातात आला.

हे माझं नव्हतं. मी बायकोकडे पाहिलं. ती पंख्याकडे बघत होती. पंखा बंद होता.

बाबांनी तो कान टेबलावर ठेवला. मग उजवा पट्टा धरून बॅग उचलली. पट्टा सुटला. मी चकित होण्याच्या तयारीत होतो, पण तेवढी सवडच मिळाली नाही, कारण बाबांनी लगेच डावा पट्टा धरून बॅग हातभर वर उचलली आणि तिचा सबंध तळ खाली पडला. फळी, शब्दकोश, खलबत्ता. खलबत्ता गिर्यारोहकांच्या पायावर.

गिर्यारोहक बसले. काकू म्हणाल्या, ही तर फारच वाईट निघाली हो.

मी वाकून तळ उचलला. पट्ट्याचे टाके मी कसे कुरतडले होते ते मला माहीत होतं. चेनीचा कान कुणी वाकवला असेल तेही कळलं. शेजारी पडलेल्या स्वयंपाकघरातल्या चिमट्याला निळा रंग लागला होता. पण तळ तसा नव्हता. तळ सगळ्या बाजूंनी एका सरळ रेषेत उसवलेला होता, एक धागा लोंबत नव्हता, कोपरेसुद्धा नीट. असं काम नव्या दाढीच्या पात्याने होतं आणि फार वर्षांच्या शिस्तीने होतं.

मी मान वर केली. बाबा माझ्याकडे बघत होते. लग्न ठरवतानाची ती नजर नव्हती. आमच्या तिघांपैकी कोणीही कोणाला काही विचारलं नाही, आणि ते एकदा विचारलं नाही म्हटल्यावर खोलीत सगळ्यांना बसायला जरा जास्त जागा झाली.

बाबांनी चष्मा काढून पुसला. "उत्पादनदोष," ते म्हणाले.

बायको म्हणाली, मग परत करायची का? मला त्या खिडकीवरच्या बाईंची रजा आठवली. बाबा म्हणाले, परत नको. बॅग मुळात चांगली आहे, ती दुरुस्त केली पाहिजे. मी म्हणालो, बाहेर टाकू का शिवायला?

"बाहेरचा माणूस काय शिवणार, जावईबापू. मलाच बघावं लागेल."

"किती दिवस लागतील, बाबा?" बायकोने विचारलं. ती आता पंख्याकडे बघत नव्हती.

ते म्हणाले, नीट काम करायचं तर असं सांगता येत नाही. मग माझ्याकडे वळून, जरा घसा साफ करून, ते उद्याचं तिकीट रद्द होतं का बघा, असं म्हणाले. मी म्हणालो, बघतो, थोडं अवघड आहे. न काढलेलं तिकीट रद्द करायचं म्हणजे अवघडच असतं, पण मी ते दुपारपर्यंत करून दिलं.

बायकोने शिवणाचा डबा आणून दिला. बाबा खिडकीपाशी बसले. जाड सुई, दोरा दुहेरी, मांडीवर निळी. संध्याकाळी उजवा पट्टा लावून झाला. त्यांनी तो उजेडात धरला, उलटा करून पाहिला, दोन्ही हातांनी ओढला, कान लावला, आणि मोठ्या समाधानाने म्हणाले, "नापास."

मग कात्री घेतली आणि पहिल्या टाक्यापासून उसवायला सुरुवात केली.